वणवा कोठें लागतो व तो कसा टाळावा

सन २०२३ च्या मार्च महिन्यांत आमच्या वसतिगृहांतील इयत्ता नववीचा एक विद्यार्थी चार दिवसांची रजा घेऊन घरीं गेला, तो दोन आठवडे परत आला नाहीं. त्याचें गांव संगमेश्वर तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. चौकशी करतां कळलें कीं, त्याच्या वडिलांची काजूची बाग वणव्यांत सांपडली. एका शनिवारीं आम्ही त्याच्या गांवीं गेलों. सात वर्षांपूर्वीं लावलेलीं दीडशें कलमें; त्यांपैकीं पंधरा-वीस काय तीं हिरवीं दिसत होतीं. बाकीच्या झाडांचीं पानें भाजून तांबूस झालीं होतीं व तशींच फांद्यांवर लोंबत होतीं. पाणी देण्याच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटल्या होत्या. वडील फारसें बोलले नाहींत. मुलगा मात्र आम्हांला बागेच्या खालच्या टोंकाला घेऊन गेला आणि काळ्या पडलेल्या एका बांधाकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "आग येथून वर चढली, सर. हा बांध आमच्या काकांचा आहे."

त्या एका वाक्यानें आमच्या मनांतील एक जुनी समजूत ढांसळली. वणवा म्हणजे खोल रानांत आपोआप पेटणारी व तेथून शेतांवर चाल करून येणारी आपत्ति, असें आम्ही समजत होतों, व वर्गांतही तसेंच शिकवीत आलों होतों. बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते, ही गोष्ट तर आपल्यांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली असते. कॅनडासारख्या देशांत वीज पडून मोठमोठे वणवे लागतात हें खरें. परंतु आपल्याकडे विजा कडाडतात त्या बहुधा वळिवाच्या सरींबरोबर, आणि आपले वणवे तर त्यापूर्वींच, फेब्रुवारीपासून, निरभ्र आकाशाखालीं पेटूं लागतात. भारतांतील बहुतेक सर्व वणवे माणसाच्या हातून लागतात. आणि माणूस काडी ओढतो ती खोल रानांत क्वचितच. जेथें शेत संपतें व रान सुरू होतें त्या कडेला तो हें काम करतो. तेव्हां वणवा टाळावयाचा असेल तर आधीं त्या कडेकडे, म्हणजे बांधाकडे, पाहिलें पाहिजे.

सह्याद्रीखालच्या गांवांची मांडणी आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. शहरांतील पालकांसाठीं ती थोडक्यांत सांगतों. सर्वांत खालीं ओढ्याच्या कांठानें भाताचीं खाचरें असतात. त्यांच्या वर उताराची वरकस जमीन; तींत पूर्वीं नाचणी-वरी पिके, आतां बहुधा गवतच असतें. तिच्याच आसपास आंब्या-काजूच्या बागा, त्यांच्या वर रान, आणि रानाच्या वर घाटाचा कडा. हीं सर्व एकमेकांना इतकीं लागून असतात कीं, गाय सकाळीं खाचरांत असली तर दुपारीं रानांत सांपडते. रत्नागिरी जिल्ह्यांतील रानाचा फार मोठा भाग खासगी मालकीचा आहे. सरकारी वन त्या मानानें अगदीं थोडें. ह्याचा अर्थ असा कीं, रान म्हटलें कीं तें वनखात्याचें व त्याची राखणही वनखात्याची, हा सर्वसाधारण समज येथें लागू पडत नाहीं. येथील रानाचा राखणदार म्हणजे त्याला लागून ज्याचें शेत आहे तो शेतकरी.

ह्या प्रदेशांत जून ते सप्टेंबर ह्या काळांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पुढें सात-आठ महिने जवळ जवळ थेंब नाहीं. इतक्या पाण्यावर गवत पुरुषभर वाढतें व डिसेंबरपर्यंत वाळून पिवळें होतें. फेब्रुवारी-मार्चमध्यें ऐन, किंजळ वगैरे झाडांचीं पानें गळून जमिनीवर थर बसतो. कारवी तर सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते आणि फुलून बीं धरलें कीं सगळी एकदम मरते; त्यानंतरच्या उन्हाळ्यांत उतारच्या उतार सरपणानें भरलेले असतात. हें सारें पूर्वींही होतेंच. मग आतां वणवे इतके सोपे कां झाले? आम्हांला वाटतें, ह्याचें एक कारण कोणाच्या फारसें लक्षांत येत नाहीं. पूर्वीं घरोघरीं गुरें होतीं, घरांवर गवताचीं छप्परें होतीं. तेव्हां वरकस जमिनींतील गवत दिवाळीनंतर कापलें जात असे. आतां घरांवर कौलें व पत्रे आले, गुरें कमी झालीं, तरुण माणसें मुंबईस गेलीं, आणि तें गवत उभेंच राहूं लागलें. शेत पड टाकलें म्हणजे त्याचें कांहीं बिघडत नाहीं असें मालकाला वाटतें. पण शेजाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तें पडीक शेत म्हणजे काडीची वाट पाहणारी गंजीच आहे.

आतां शेतकरी आग लावतो ती कशासाठीं? तो मूर्ख किंवा दुष्ट आहे म्हणून लावतो, असें शहरांतील कित्येक विद्वान् लिहितात. त्यांनीं एकदां राब भाजतांना पाहावा, अशी आमची त्यांस विनंति आहे. भाताचें बीं पेरावयाच्या वाफ्यावर शेण, झाडांच्या कोवळ्या फांद्या (त्यांस कोंकणांत कवळ म्हणतात), पालापाचोळा व गवत असे थर रचतात, त्यावर बारीक माती पसरतात, आणि मग तो सर्व थर भाजतात. त्यामुळें तणांचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते व राखेंतून रोपांना पोटॅश मिळतें. जुना शेतकरी राब पेटवितो तो वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूच्या कडेनें, म्हणजे आगीला वाऱ्याविरुद्ध सरकावें लागतें. ती ज्वाळा न करतां धुमसत धुमसत जाते, आणि माती खोलवर भाजते. वर मातीचा थर कां टाकतात हेंही आतां वाचकांच्या ध्यानांत येईल. ही रीति ज्यांनीं शोधून काढली त्यांना आगीचें शास्त्र उत्तम कळत होतें. अडचण येते ती रीतीमुळें नव्हे, घाईमुळें. चाकरमानी मंडळी शिमग्याला चार दिवस गांवीं येतात; त्या चार दिवसांत देवाची पालखी, पाहुणे आणि शेताची साफसफाई सगळेंच उरकावयाचें असतें. मग पहाटे करावयाचें काम भर दुपारीं होतें, मातीचा थर राहून जातो, आणि राब नीट विझला कीं नाहीं हें पाहावयास मागें कोणी राहत नाहीं. धुमसणारा राब दुसऱ्या दिवशीं दुपारींही वाऱ्यानें उठूं शकतो.

राबाखेरीज बांध जाळणें हें दुसरें मोठें कारण. बांधावरचीं काटेरी झुडपें कोयत्यानें तोडावयास दोन दिवस लागतात, काडीनें तासाभरांत काम होतें. शिकारीसाठीं रान पेटविणारे, विडीचें थोटूक टाकणारे व वनभोजनानंतर चूल तशीच सोडून जाणारे हेही आहेत. त्यांच्याविषयीं अधिक लिहावें असें त्यांत कांहीं नाहीं. परंतु एका समजुतीविषयीं मात्र लिहिलें पाहिजे. डोंगर जाळला कीं पुढच्या वर्षीं गवत चांगलें येतें, असें घाटावर व घाटाखालीं दोन्हीकडे मानतात. काळ्या जमिनीवर हिरवे कोंब लवकर उठून दिसतात, त्यामुळें डोळ्यांना तसें वाटतें खरें. पण वर्षानुवर्षें जाळलेल्या डोंगरावर कोणतें गवत उरतें तें पाहावें. तेथें बहुधा कुसळीचें राज्य असतें. कुसळीच्या बियेला एक लांब केस असतो. हवेंतील ओलाव्यानें तो पिळतो व उलगडतो आणि त्या फिरकीनें बीं जमिनींत घुसतें. आग वरून निघून जाते, तें खालीं सुरक्षित राहतें. ज्या गवतांचें बीं असें लपूं शकत नाहीं तीं मागें पडतात. म्हणजे गुरांसाठीं म्हणून जी आग लावली, तिनें गुरांना नकोसें असलेलें व मेंढ्यांच्या अंगांत रुतणारें गवतच वाढविलें!

आतां बांधावरची आग बागेंत कशी शिरते तें पाहूं. उतारावर ज्वाळा पुढच्या गवताच्या अंगावर झुकलेली असते. तें गवत पेटण्यापूर्वींच तापून सुकतें. म्हणून आग वर चढतांना धांवते व खालीं उतरतांना रांगते. उतार दर दहा अंशांनीं वाढला कीं चढत्या आगीचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा अनुभवाचा एक ठोकळ नियम आहे. त्यांत कोंकणची आणखी एक गोष्ट मिळते. सकाळीं वारा मंद असतो. दुपारीं जमीन तापली कीं समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि तो पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे नेमका घाटाच्या चढणीला, वाहतो. त्या विद्यार्थ्याच्या काकांनीं सकाळीं दहाच्या सुमारास बांध पेटविला, तेव्हां पानही हालत नव्हतें. बाराच्या सुमारास ते जेवावयास घरीं गेले. एक वाजतां बाग जळत होती. काजूच्या झाडाखालीं वाळलेल्या पानांचा जाड थर असतो व तीं पानें फार जोरानें पेटतात. बागेच्या वर रान होतें. तें दोन दिवस जळत राहिलें.

त्या रानाचें काय झालें, हें आम्हीं स्वतः वर चढून पाहिलें. प्रथमदर्शनीं फारसें बिघडलेलें दिसलें नाहीं. मोठीं झाडें उभीं होतीं. आपल्याकडील वणवा बहुधा जमिनीलगत जातो. झाडांच्या शेंड्यांतून धांवणाऱ्या ज्वाळा आपण परदेशांतील चित्रांत पाहतों, तशा येथें सहसा दिसत नाहींत. ऐन व कुंभा ह्यांची साल जाड व भेगाळ असते, तीं झाडें अशा आगीला दाद देत नाहींत. परंतु अंजनीसारख्या पातळ सालीच्या झाडांचीं खोडें बुंध्याशीं भाजलीं होतीं, आणि गुडघ्याएवढें एकही रोप जिवंत नव्हतें. जुनीं झाडें आहेत म्हणून रान आहे असें आपण म्हणतों. पण ज्या घरांत आजोबा आहेत व नातवंडें नाहींत, त्या घराचें पुढें काय होणार? सदाहरित रान आंतून दमट असतें, तें सहजासहजीं पेटत नाहीं. त्याची कड मात्र दरवर्षीं थोडीथोडी भाजते. कडेचीं झाडें मेलीं कीं तेथें ऊन पोहोंचतें, ऊन आलें कीं गवत येतें, आणि गवत आलें कीं पुढच्या वर्षींची आग दहा पावलें आंत जाते. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान हीं ह्याच डोंगरांत आहेत. ह्या दोहोंचा मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटाची जागतिक वारशांत गणना झाली, तींत ह्यांचाही समावेश आहे. एवढा मान मिळालेल्या रानांच्या आसपासही कड कापली जाण्याचें काम कोणा मोठ्या शत्रूकडून होत नाहीं, तें एकेका बांधावरून होत असतें.

उपाय कोणता? सर्वांत स्वस्त व सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बांध व रान यांच्यामध्यें मोकळा पट्टा राखणें. वनखातें आपल्या हद्दींत उन्हाळ्यापूर्वीं असे पट्टे साफ करतें, त्यांस जाळरेषा म्हणतात. अलीकडे पाला उडविण्यासाठीं वाऱ्याचीं यंत्रेंही पाठीवर घेऊन त्यांचे कामगार जातांना दिसतात. शेतकऱ्यानें आपल्या बागेभोंवतीं निदान दहा-बारा फुटांचा पट्टा करावा, व उताराच्या खालच्या बाजूस तो दुप्पट ठेवावा, कारण आग तिकडूनच येण्याचा संभव अधिक. पट्ट्यांतील गवत नुसतें कापून भागत नाहीं. कापलेलें गवत तेथेंच टाकलें तर तें उभ्या गवतापेक्षां बरें जळतें. तें उचलून न्यावें, झाडांच्या बुंध्यांपासून दूर खड्ड्यांत कुजवावें, आणि पट्टा मातीपर्यंत खरवडावा. हें काम डिसेंबर-जानेवारींत, गवत पुरतें वाळण्यापूर्वीं व्हावें. मार्चमध्यें केलेला पट्टा बहुधा वणव्याच्या नंतर पुरा होतो. आणि तो एकदां करून संपत नाहीं. फेब्रुवारींत पानगळ झाली कीं झाडू घेऊन पुन्हां एकदां जावें लागतें, हें पुष्कळ जण विसरतात.

दुसरा उपाय वेळेचा. ज्याला राब भाजणें किंवा बांध जाळणें अगदींच टाळतां येत नाहीं, त्यानें तें पहाटे करावें, खारा वारा सुटण्याच्या आंत पुरें विझवावें, जवळ पाण्याचीं पिंपें व ओल्या फांद्या ठेवाव्या, आणि राख हातानें चांचपून पाहिल्याशिवाय जागा सोडूं नये. ह्यापेक्षांही महत्त्वाचें हें कीं, आदल्या संध्याकाळीं वरच्या व खालच्या शेजाऱ्याला सांगावें. हें इतकें साधें आहे कीं लिहावयासही संकोच वाटतो. तरी आम्हीं ज्या ज्या जळालेल्या बागेची हकीकत ऐकली, तींत शेजाऱ्याला ठाऊक नव्हतें हें वाक्य आलेंच. राब न भाजतां भात लावण्याच्या रीतीही आतां रूढ होत आहेत. गादीवाफ्यावर शेणखत घालून रोपें चांगलीं होतात; नेरळ येथें निघालेल्या सगुणा पद्धतींत तर रोपवाटिकाच लागत नाहीं, नांगरणीशिवाय वाफ्यावर थेट बीं टोंचतात. आपल्या जमिनीला काय मानवतें तें ज्याचें त्यानें एखाद्या खाचरांत करून पाहावें.

कायद्याचीही माहिती असावी. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणें राखीव वनाला आग लावणें, किंवा त्याला धोका पोहोंचेल अशा रीतीनें आग पेटती सोडणें हा गुन्हा आहे. आणि ज्यांना अशा वनांत कांहीं हक्क आहेत, त्यांनीं आग विझविण्यास मदत करणें त्यांवर बंधनकारक आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांवरून आगीचीं ठिकाणें टिपते व नोंदणी केलेल्या माणसांच्या भ्रमणध्वनीवर तशी सूचना पाठविते. त्यांतील एक यंत्र ३७५ मीटरांचा एकेक चौकोन पाहतें. परंतु उपग्रह दिवसांतून कांहीं ठराविक वेळींच डोक्यावरून जातो, आणि गवताची आग तासाभरांत डोंगर चढते. म्हणून ज्याच्या दृष्टीस धूर प्रथम पडला त्यानें उपग्रहाची वाट पाहूं नये. गांवांत हांक द्यावी व वनरक्षकास कळवावें.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट बजावून सांगावयाची आहे. वणवा विझविणें हें मुलांचें काम नव्हे. तुमचें काम धूर दिसतांच मोठ्या माणसांना बोलावण्याचें. रानांत असतां आग दिसली तर तिच्या वरच्या अंगाला केव्हांही जाऊं नका. वर पळणाऱ्या माणसापेक्षां आग लवकर पोहोंचते. बाजूला सरका, आणि जळून गेलेली काळी जमीन, ओढ्याचें पात्र किंवा उघडा कातळ गांठा. तमिळनाडूंतील तेनी जिल्ह्यांत कुरंगणीच्या डोंगरांत ११ मार्च २०१८ रोजीं हौसेनें डोंगर चढावयास गेलेलीं तरुण माणसें वाळलेल्या गवताच्या उतारावर अशाच आगींत सांपडलीं व वीसाहून अधिक जण प्राणास मुकले. त्यांत तुमच्या ताई-दादांच्या वयाचीं माणसें होतीं.

त्या शनिवारीं परत निघतांना काकांची भेट झाली. ते आपण होऊन अंगणांत आले नव्हते. आम्हींच त्यांच्या घरीं गेलों. दोन भावांत पंधरा दिवस बोलणें नव्हतें. मोशेच्या नियमशास्त्रांत, निर्गमाच्या २२ व्या अध्यायांत, ज्यानें लावलेल्या आगीनें शेजाऱ्याचें पीक जळेल त्यानें भरपाई करावी असा नियम आहे. तेथें आग आधीं काटेरी झुडपांना लागते असें म्हटलें आहे, म्हणजे त्या काळींही ती बांधावरूनच जात असावी. आणि लावणाऱ्याचा हेतु काय होता हें तेथें विचारलेलें नाहीं. हा नियम आमच्या ओंठांवर आला होता, पण आम्हीं तो उच्चारला नाहीं. काकाच म्हणाले, "सर, तुम्ही काय म्हणणार तें मला ठाऊक आहे. वारा फिरला असें मी सगळ्यांना सांगतों. वारा रोजच फिरतो. मी जेवायला गेलों हें खरें."

त्यांच्यापाशीं भरपाईस पैसा नव्हता. सोमवारीं मुलगा शाळेंत परत आला. आणि पुढें पावसाळ्यांत काकांनीं आपल्या रोपवाटिकेंतील साठ कलमें भावाच्या बागेंत स्वतः लावून दिलीं. २०२४ च्या जानेवारींत त्या मुलाची, आतां तो दहावींत होता, रविवारच्या सुटींतील एक चिठ्ठी आम्हांला मिळाली. वडील, काका व तो असे तिघे मिळून दोन्ही शेतांच्या मधला बांध कोयत्यानें साफ करीत होते; त्या वर्षीं तो जाळावयाचा नाहीं असें ठरलें होतें. पट्ट्याची लांबी त्यानें पावलांनीं मोजली होती. ती २१४ पावलें भरली, आणि अजून वरची बाजू राहिली आहे, असें त्यानें लिहिलें होतें.